दिवाळी फंडाच्या नोंदी: सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५

१४ सप्टेंबर, रविवार

महिन्याच्या बैठकीत आज दिवाळीचा विषय घेतला. अंबाजोगाई तालुक्यातल्या मांजरेकाठच्या गावातला आमचा बचत गट, बारा जणींचा. नेहमीच्या बचतीशिवाय गेल्या कार्तिकापासून प्रत्येकीने महिन्याला दीडशे रुपये वेगळे टाकले, तो दिवाळी फंड. ऑक्टोबरचा हप्ता धरून एकेकीचे १,८०० होतात, सगळ्यांचे मिळून २१,६००. एवढ्यात फराळाचं सामान लातूरहून ठोक भावाने आणायचं असा ठराव झाला. इतिवृत्तात लिहिला, सह्या आणि अंगठे घेतले.

फंड कशासाठी काढला ते नव्या दोघींसाठी इथे लिहून ठेवते. गावात दिवाळीला शेकडा पाचाने पैसे उचलायची रीत आहे. ५,००० उचलले की महिन्याला २५० व्याज. पुढची दिवाळी येईपर्यंत नुसत्या व्याजाचे ३,००० जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. गटाचं अंतर्गत कर्ज शेकडा दोनाने मिळतं, पण ते बी-बियाण्याला, दवाखान्याला, शाळेला लागतं. लाडू-चिवड्यासाठी कोणतंच कर्ज निघू नये, एवढं या फंडाने साधायचं आहे.

बैठकीत प्रत्येकीला विचारलं, गेल्या वर्षी काय केलं, काय संपलं आणि काय उरलं? उरलेल्याबद्दल आपण कधी बोलतच नाही. शेव बहुतेक घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत मऊ पडून होती. खोबऱ्याच्या सारणाच्या करंज्या खवट झाल्या. रव्याचे लाडू आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा मात्र सगळीकडे आधी संपला. हे सगळं वहीत घेतलं. यादी यावरून करायची, शेजारणीने काय केलं यावरून नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले, आणि कालपासूनच जीएसटीचे नवे दर लागू झाले. आपल्या यादीला त्याचा किती उपयोग होतो ते पाहिलं.

साबण, शाम्पू, केसांचं तेल आणि टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले. तूप आणि सुकामेवा १२ वरून ५ वर. अडीच हजारांपर्यंतच्या चपला-बुटांवर आणि कपड्यांवरही आता ५ टक्केच. खाद्यतेल आणि साखर आधीही ५ वर होते, अजूनही ५ वरच आहेत, म्हणजे फराळाच्या मोठ्या खर्चात फरक नाही. मोती साबणात आणि मुलांच्या चपलांत पडेल तेवढाच. जुनी किंमत छापलेला माल दुकानात असला तरी दर नवाच मागायचा, हे सगळ्यांना सांगून ठेवलं.

डाळीचं एक लक्षात घेण्यासारखं आहे. २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, छापील पिशवीवर ५ टक्के कर लागतो. सुट्या डाळीवर आणि २५ किलोच्या वरच्या कट्ट्यावर लागत नाही. आपल्याला डाळ तीस किलो लागते, म्हणजे एक कट्टा. एकेका किलोची पाकिटं घेतली असती तर कर आणि वर पाकिटाचा खर्च दोन्ही आपल्या माथी आले असते.

२९ सप्टेंबर, सोमवार

शनिवार-रविवारचा पाऊस लिहिण्यासारखा नाही. मांजरा धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठची सगळी रानं पाण्याखाली गेली. गटातल्या पाच घरांची सोयाबीन उभी असताना बुडाली. शेंगांना जागेवर कोंब फुटलेत. उरलेल्यांचंही भिजलेलं आहे. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, पण डागी आणि ओल्या मालाला तो कोण देणार?

आज दिवाळीचं कुणी काही बोललं नाही. जनावरांचा चारा आणि गळकी घरं, एवढंच काम.

५ ऑक्टोबर, रविवार

आजची बैठक या सगळ्या कामातली मुख्य बैठक. म्हणून सविस्तर लिहिते.

काठावरच्या पाचपैकी एक काकू सुरुवातीलाच म्हणाल्या, "माझे पैसे माघारी द्या बाई. औंदा कशाची दिवाळी न् कशाचं काय." त्यांचा हक्कच आहे तो. दुसरीने सुचवलं, नुकसान झालेल्या पाच जणींना पैसे परत द्यावेत आणि बाकीच्या सात जणींनी फराळ करून त्यांच्या घरी डबा पोचवावा. मनात चांगलंच होतं तिच्या. पण काकूंचा चेहरा उतरला. सणाच्या दिवशी शेजारणीचा डबा दारात येणं आणि आपल्या कढईतलं आपण काढणं यात फार अंतर आहे. लेक माहेरी येणार असली तर जास्तच.

शेवटी अध्यक्ष वहिनींनी मार्ग काढला आणि तो सगळ्यांना पटला. बाराही जणींना सारखेच ६०० परत. ज्यांचं रान वाचलं त्यांनाही, ज्यांचं गेलं त्यांनाही. फराळ उरलेल्या १,२०० मध्ये बसवायचा, सगळ्यांचा सारखाच. म्हणजे कुणाची दिवाळी दुसरीपेक्षा उणी दिसणार नाही. ज्यांना ६०० ची गरज नाही अशा तिघींनी ते गटाकडेच ठेवले, रब्बीच्या हरभऱ्याच्या बियाण्याला कुणाला लागले तर कर्जाऊ द्यायला.

आता बारा घरांना १४,४००. यादी पुन्हा मांडली.

वनस्पती तूप पूर्ण काढलं, शंकरपाळ्याला तेलाचं मोहन. खोबरं यंदा भयंकर महाग आहे, ते बारा घरांत मिळून एकच किलो, तेही चिवड्यातल्या कापांपुरतं. करंजीचं सारण डाळवं, तीळ आणि रव्याचं. शेंगदाणे ज्यांच्या घरी उन्हाळी भुईमुगाचे आहेत त्यांनी द्यायचे, हिशेब वहीत. चकलीच्या भाजणीला तांदूळ रेशनचा. उडीद-मूग पाण्याने काळवंडलेत, पण भाजणीपुरते निवडून निघतील. शेव कमी करायची, तशीही उरतेच.

तेलावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. अर्ध्याच्या आसपास पैसा तेलातच जातो. दरवर्षी घरटी पाच लिटर तेल लागायचं. त्यातलं दोन-अडीच लिटर फराळात जातं, बाकीचं कढईत काळं होऊन उरतं, कारण चकली चार असो की चाळीस, कढई निम्मी भरावीच लागते. बारा घरांच्या बारा कढया म्हणजे बारा वेळा उरलेलं तेल. म्हणून तळण एकाच ठिकाणी, एका मोठ्या कढईत करायचं ठरलं. समाजमंदिराच्या पडवीत चूल मांडता येईल. जळण म्हणून गेल्या सालच्या कापसाच्या पऱ्हाट्या आहेत. लाडू ज्याच्या त्याच्या घरी.

गटातल्या दोन घरांतली नवरा-बायको कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात. कारखान्यांचं गाळप १ नोव्हेंबरपासून आहे, म्हणजे भाऊबीज झाली की त्यांची गाडी भरणार. त्यांची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच हातात आलेली आहे आणि बाजारात ती दिवाळीच्या पैशासारखीच दिसते. पण ती पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या अंगमेहनतीची रक्कम आहे, खर्चली तेवढी उसाच्या फडात फेडायची. दोघींनीही आज शब्द दिला की उचलीतलं दिवाळीला काही काढणार नाही. त्यांच्या वाट्याला शंकरपाळे आणि चिवडा जास्त, आणि चिवड्यात खोबरं नको. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, नेलं तर महिनाभर टिकलं पाहिजे.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५००, तीन हेक्टरांपर्यंत. पंचनामे चालू आहेत. आज तिघींनी विचारलं, मग यादी वाढवायची का? नाही. खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत तो पैसा हिशेबात धरायचा नाही. लाडक्या बहिणीच्या १,५०० चंही तेच, ई-केवायसी व्हायची आहे अजून कितीतरी जणींची. रेशनवर २०२२ च्या दिवाळीपासून शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि पामतेल मिळायचं. तो आनंदाचा शिधा यंदा नाही, दुकानदाराने सांगितलं. तोही यादीत नाही.

येणाऱ्या पैशावर सण मांडला की खरेदी आज होते, पैसा उद्याचा परवा होतो आणि मधला काळ सावकार भरून काढतो. दरवर्षी घरं इथेच अडकतात.

११ ऑक्टोबर, शनिवार

लातूर. चौघी गेलो, एसटीच्या अर्ध्या तिकिटात. सामान परतीच्या टेम्पोत, दुसऱ्या गटाबरोबर भाडं वाटून आपल्या वाट्याला ३००.

गंजगोलाईच्या बाजारपेठेत शिरलं की पहिल्या दुकानात घ्यायची घाई होते. सोळा रस्ते एका गोलाला येऊन मिळतात आणि सगळीकडे गर्दी. आम्ही आधी नुसतं फिरून भाव लिहून घेतले, मग चहा पिऊन हिशेब केला, मग खरेदी. डाळीच्या बाबतीत लातूर म्हणजे घरचंच. डाळ मिलच इथे, त्यामुळे हरभरा डाळीत निवडीला वाव होता. हातात घेऊन, दातांखाली फोडून घेतली.

तेलाच्या डब्यापाशी थांबलो ते बरं झालं. एका दुकानात सोयाबीन तेलाचा डबा २,०८० ला, शेजारी २,२४० ला. बरोबरच्या ताई स्वस्तातला उचलायला निघाल्या. डबे दिसायला सारखेच. पण पहिल्यावर १५ लिटर छापलेलं होतं आणि दुसऱ्यावर १५ किलो. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरचा डबा १३ किलो ६५० ग्रॅमचा. किलोमागे तो १५२ ला पडला, दुसरा १४९ ला. महाग दिसणारा डबाच स्वस्त. तीन डबे तेच घेतले. पिशव्यांचंही असंच असतं. लिटरची वाटणारी पिशवी कधी ८५० ग्रॅमची निघते. पाकिटावर बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा दर लिटरचा भाव छापलेला असतो, तो वाचायची सवय सगळ्यांना लागली पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याबरोबर शाळेतलं पोर न्यावं.

खरेदी अशी:

हरभरा डाळ ३० किलो, ८० ने, २,४००. साखर ३० किलो, ४३ ने, १,२९० (पोतं ५० किलोचं, वरचं २० किलो दुसऱ्या गटाने त्याच भावात घेतलं). मैदा २० किलो ७००. रवा २० किलो ७६०. भाजके पोहे १५ किलो ९३०. तेल तीन डबे ६,७२०. डाळवं ५ किलो ४८०. खोबरं १ किलो ३३०. तीळ, ओवा, जिरे, मोहरी, हळद, वेलदोडे मिळून ४८०. टेम्पो ३००. एकूण १४,३९०.

दहा रुपये उरले.

कापडाचं वेगळं. चौघी-पाच जणींनी आपल्या ६०० मधून पोरींच्या फ्रॉकसाठी एकाच ताग्यातलं कापड मागवलं होतं. शिवण गटातल्याच ताई करणार, त्यांनाही सणाला मजुरी मिळेल. तयार फ्रॉकपेक्षा कापड जाड आहे आणि शिवण सोडायला जागा ठेवता येते, पुढच्या वर्षी खाली सोडता येईल.

१२ ऑक्टोबर, रविवार

लाडवांच्या सामानाचं वाटप. तागडी गिरणीवाल्या काकूंची. प्रत्येकीसमोर मोजलं.

आज एका वहिनींच्या मुलाच्या मोबाईलचा विषय निघाला. दुकानदार म्हणतो व्याज नाही, नुसते हप्ते. वहिनी वहीपाशी येऊन बसल्या. बिनव्याजी म्हणून सांगतात त्यात प्रोसेसिंग फी वेगळी असते, व्याजाचा आकडा बहुतेक वेळा सवलतीच्या नावाने आत वळवलेला असतो, फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि रोखीने घेणाऱ्याला मिळाली असती ती सूट हप्तेवाल्याला मिळत नाही. हप्ता चुकला तर दंड. रोखीचा भाव आणि सगळे हप्ते अधिक फी, हे दोन आकडे शेजारी लिहायला सांगितले. पोराने स्वतः दुकानात जाऊन विचारून आणावेत. आपण नाही म्हणण्यापेक्षा त्याने आकडे बघितलेले चांगले.

गावातल्या किराणा दुकानदार मामांचाही प्रश्न होता. ते थोडे नाराज आहेत, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आखाडात घरात दाणा नसतो तेव्हा उधार तेच देतात, लातूर देत नाही. म्हणून साबण, उदबत्त्या, कापूर, सुगंधी तेल आणि उटण्याचं सामान गावातूनच, रोखीने घ्यायचं ठरवलं.

१४ ते १६ ऑक्टोबर

तळणाचे दिवस. रोज लिहायला वेळ मिळाला नाही, एकदमच लिहिते.

भाजणी आधी. तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद एक, मूग अर्धा, धने-जिरे अंदाजाने. सगळं वेगवेगळं भाजलं. तांदूळ धुऊन सावलीत सुकवला होता. गिरणीत आधी हरभऱ्याची डाळ दळून घेतली, म्हणजे चक्कीत कुठलं वेगळं पीठ असलं तर ते आपल्या चकलीत येत नाही. मोहन कमी असल्याने चकली कडक होईल ही भीती होती. पीठ गरम पाण्यात भिजवलं आणि थोडा वेळ झाकून ठेवलं, मग नीट झाली.

तळायचा क्रमही महत्त्वाचा. आधी शंकरपाळे आणि करंज्या, मग चकली, सगळ्यात शेवटी शेव आणि चिवड्याचे शेंगदाणे. शेव-चकलीचा चुरा तेलात बसतो आणि जळतो. गोड पदार्थ नंतर तळले तर त्यांना तो काळा रंग आणि वास लागतो. दर घाण्यानंतर झाऱ्याने चुरा काढत राहिलं की तेल लवकर गडद होत नाही. कढईत तेल कमी होईल तसं नवं घालायचं, एकदम सगळं ओतायचं नाही.

बारा घरांचं तळण दोन डब्यांत झालं. ३० किलो. तिसरा डबा सीलबंद राहिला, तो प्रत्येकीला सव्वा किलो वाटला, दिवाळीनंतरच्या स्वयंपाकाला. कढईत शेवटी जे उरलं ते गाळून बाटल्यांत भरलं. ते पुन्हा खाण्यात घ्यायचं नाही, पणत्यांना जाईल.

पडवीत दुपारभर जी बोलणी झाली ती कुठल्याही बैठकीत झाली नसती. काठावरच्या काकू शेवेचा सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरचा डबा पाठविला असता ना, तर म्या कडी लावून बसले असते." त्या दिवसापासून त्या हसल्या नव्हत्या. आज त्यांनीच मिठाचं प्रमाण सांगितलं, आणि मुलीला फोन करून बोलावलं.

वाटप पुन्हा तागडीने. घरटी चिवडा, चकली, शंकरपाळे, शेव आणि करंज्या, सगळ्यांना सारखं. कोयतेवाल्या दोन घरांना ठरल्याप्रमाणे करंज्यांच्या बदल्यात जास्तीचे शंकरपाळे आणि बिनखोबऱ्याचा चिवडा.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

काल वसुबारस झाली. शेणाच्या गवळणी अंगणाअंगणात बसल्या.

सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या वर गेलंय, त्यामुळे तो विषय कुणी काढलाच नाही. धने-गुळाचा नैवेद्य, आणि केरसुणी. केरसुणीचा, पणत्यांचा आणि झेंडूचा भाव पाडायचा नाही, हे आम्ही ठरवून घेतलं आहे. करणारी माणसं आपल्याच पंचक्रोशीतली, त्यांचंही यंदा पाण्याने गेलंय. झेंडू तर वाफ्यातच सडला. बचत करायची ती आपल्या यादीत, त्यांच्या मजुरीत नाही.

फटाके मुलांवरच सोपवले. त्यांनी गल्लीची वर्गणी काढली आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळे मिळून एकदाच उडवणार आहेत.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

लेकी आल्या. ओवाळणीचा आकडा हा घराघरातला नाजूक भाग, त्यात गटाने पडायचं नाही असं मी आधी धरून होते. पण गेल्या आठवड्यात दोन-तीन जणींनी मिळून माहेरी भावांना स्वतःच फोन केले की औंदा साडी नको, ताटात एक रुपया टाका आणि जेवायला थांबा. भावांना केवढं हलकं वाटलं असेल. बहिणीने म्हटल्याशिवाय भावाला ते म्हणता येत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

हिशेबाची बैठक.

हाच माल याच मापात गावातून घेतला असता तर १५,८४५ झाले असते, भाव आधीच लिहून ठेवले होते. आपले टेम्पोसकट १४,३९०. फरक १,४५५, घरटी १२१ रुपये. ठोक खरेदीतून एवढंच. चार बायकांचा दिवस आणि एसटीचं भाडं मोजलं तर त्याहून कमी. खरी बचत झाली ती घरटी ६०० ची, आणि ती बाजारात झालेली नाही. उरतं काय ते विचारून यादी कापल्याने आणि बारा कढयांची एक कढई केल्याने झाली. पुढच्या वर्षी लातूरला जायला जमलं नाही तरी चालेल, पडवीतली कढई मात्र चुकवायची नाही, असं अध्यक्ष वहिनींनी मुद्दाम लिहून घ्यायला लावलं.

फराळासाठी बारापैकी कुणीही सावकाराकडे गेलं नाही. एकीने दवाखान्यासाठी गटातून २,००० घेतले, ते कर्ज वेगळ्या खात्यात.

पुढचा फंड कार्तिकापासून सुरू. पण काठावरच्या पाचपैकी तिघींच्या खात्यात अनुदान अजून आलेलं नाही, दीडशे त्यांना झेपणार नाहीत. हरभरा निघेपर्यंत सगळ्यांनीच पन्नास टाकायचे, मार्चनंतर वाढवायचे, असा ठराव. संक्रांतीच्या तिळाचं ९ नोव्हेंबरच्या बैठकीत. कोयतेवाल्या दोघी परवा निघतात. त्यांचे पन्नास दर पंधरवड्याच्या हिशेबानंतर फोनवरून येतील. कोषाध्यक्ष ताईंनी त्यांच्या पोरांकडून तसं पाठवून बघितलं, एक रुपया पोचला, पासबुकात नोंद घ्यायची आहे.